टाका दिसत नाही, म्हणून विश्रांती नाही?

हृदयावर उपचार झाला असे म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे छातीवरून सरळ खाली उतरलेला लांब टाका येतो. असा टाका असला की सारे घर आपोआप हळू बोलू लागते. शेजारी दूध आणून देतात, भेटायला येणारे मोसंबी आणतात, मालकसुद्धा महिनाभर गप्प राहतो. परंतु हृदयाचा एक उपचार असा आहे की त्यात छातीला सुरीच लागत नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, आतला काही मिलिमीटरचा दोषी भाग उष्णतेने जाळतात, नळी काढून घेतात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी रुग्णाला घरी पाठवतात. जांघेत सुईने टोचल्यासारखी दोन-तीन भोके आणि त्यावर एक पट्टी, एवढीच काय ती खूण. याला ॲब्लेशन म्हणतात.

येथूनच घोटाळ्याला सुरुवात होते. घरच्यांना वाटते, माणूस बरा होऊन आला. मालकाला वाटते, दोन दिवसांचा मामला होता. खुद्द रुग्णालाही तसेच वाटते. मग आठ-दहा दिवसांनी छातीत एखादा ठोका धडकन चुकला, जिना चढताना दम लागला, दुपारी जेवल्यावर अंगातले बळ कोणी काढून घेतल्यासारखे झाले, म्हणजे तो मनातून खचतो. सांगायची सोय नाही, कारण दाखवायला टाका नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्ही या न दिसणाऱ्या दिवसांविषयी लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. एका कचेरीत कारकुनी करतो आणि उरलेला वेळ वस्तीच्या कामाला देतो. परंतु दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वतः या उपचारातून गेलो. त्यानंतर वस्तीतील चार-पाच जणांबरोबर रुग्णालयाच्या फेऱ्या मारल्या, आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतले ते येथे मांडीत आहोत.

फास्ट आणि स्लो

हृदय मांसाचे असले तरी चालते विजेवर. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात एक छोटे केंद्र आहे. तेथून मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेची हलकी लाट सुटते. ती वरच्या दोन कप्प्यांतून पसरते, मधल्या एका गाठीपाशी क्षणभर थांबते आणि मग खालच्या मोठ्या कप्प्यांत उतरते. ही मधली गाठ सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने जर्मनीत काम करीत असताना १९०६ मध्ये दाखवून दिली. वरचे मूळ केंद्र कीथ आणि फ्लॅक या दोघांनी इंग्लंडमध्ये १९०७ साली शोधले. मुंबईकरांच्या भाषेत सांगायचे तर वरचे केंद्र म्हणजे गाडी सुटण्याचे स्थानक आणि मधली गाठ म्हणजे सिग्नल.

काही माणसांत या सिग्नलजवळ एकाऐवजी दोन मार्ग असतात. डॉक्टर लोकही त्यांना फास्ट आणि स्लो असेच म्हणतात, आपल्या लोकलसारखे. एखादा ठोका वेळेआधी आला की तो स्लो मार्गाने खाली जातो, फास्ट मार्गाने परत वर येतो, पुन्हा स्लो मार्गाला लागतो आणि गाडी गोल गोल फिरत राहते. नाडी एकाएकी मिनिटाला १५० ते २०० च्या घरात जाते. बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि बटण दाबल्यासारखीच थांबते. एस.व्ही.टी. म्हणून जो आजार सांगतात, त्यातला हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. आम्हाला हाच होता.

पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा प्रकार जवळजवळ दुप्पट आढळतो. आणि येथे एक मोठा अन्याय घडतो. झटका थांबल्यावर काढलेला ई.सी.जी. बहुतेक वेळा साफ येतो. मग बाईला सांगतात, मनाचे आहे, फार विचार करू नका. आमच्या वस्तीतील एक भगिनी, वय अडतीस, चार घरची भांडी आणि लादी करणारी, अकरा वर्षे हेच ऐकत होती. झटका आला की ती घामाघूम होऊन भिंतीला टेकायची, आणि सासरचे म्हणायचे हिच्या अंगात येते. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि सुनेला मात्र देवऋषीकडे नेणे, हे आम्ही त्यांना तोंडावर बोलून दाखवले होते. शेवटी एका दुपारी झटका चालू असतानाच ती दवाखान्यात पोहोचली आणि नर्सबाईंनी ताबडतोब ई.सी.जी. काढला. नाडी १९०. अकरा वर्षांच्या वादाचा निकाल त्या कागदाच्या पट्टीने दिला. म्हणून आम्ही सर्वांना सांगतो, अशी धडधड चालू असेल तेव्हाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ई.सी.जी. काढून घ्या आणि ती पट्टी जपून ठेवा. शाई उडते, म्हणून झेरॉक्सही काढा.

ॲब्लेशनमध्ये या स्लो मार्गाचा तुकडा जाळून बंद करतात. नळी वापरून हृदयाचा भाग असा निकामी करण्याचे काम माणसांवर प्रथम १९८२ मध्ये जाहीर झाले. तेव्हा त्यासाठी विजेचा जबर झटका देत. पुढे रेडिओ लहरींची सौम्य पद्धत आली. नळीचे टोक टेकते तेथील पेशी ५० अंशांच्या वर तापल्या की कायमच्या निकामी होतात. आमच्या प्रकारच्या आजारात शंभरात पंचाण्णवांहून अधिक रुग्णांना याचा गुण येतो. क्वचित, शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी जणांना, जवळच्या सिग्नललाच धक्का पोहोचतो आणि पेसमेकर बसवावा लागतो. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी हे वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे.

पहिला आठवडा जांघेचा

पहिल्या आठवड्यात हृदयापेक्षा जांघच अधिक बोलते. नळी काढल्यावर चार ते सहा तास पाय सरळ ठेवून उताणे पडावे लागते. मग पट्टी बांधून घरी पाठवतात, आणि तिसऱ्या दिवशी आंघोळीला बसल्यावर माणूस दचकतो. जांघेपासून मांडीपर्यंत काळानिळा डाग पसरलेला असतो. हे आत साकळलेले रक्त. ते वजनाने खाली उतरते, जांभळ्याचे हिरवे आणि हिरव्याचे पिवळे होते आणि दोन-तीन आठवड्यांत जिरते. शेंगदाण्याएवढी टणक गाठ हाताला लागली तरी घाबरायचे कारण नाही. ती महिनाभर किंवा थोडी जास्तही राहू शकते. चोळायची मात्र नाही. हळद-तेल लावून शेकायचीही नाही.

रुग्णालयाच्या कार्डावर छापलेले असते: जड उचलू नये, जिने कमी चढावेत, जोर करू नये. हे सगळे ठीक आहे. परंतु ही कार्डे लिहिणाऱ्यांच्या घरी नळ चोवीस तास येत असावा. आमच्या चाळीत पाणी पहाटे पाचला येते आणि सहाला जाते. साधारण ५ किलोच्या वर उचलू नका असे डॉक्टर पहिल्या आठवड्यासाठी सांगतात. भरलेली कळशीसुद्धा त्याच्या वर जाते आणि वीस लिटरची बादली तर वीस किलोची. पाणी भरणे हे काम नव्हेच, असे समजणाऱ्या घरात रुग्ण स्त्री असेल तर तिसऱ्या दिवशी ती नळावर उभी असते. घरातल्या तरण्या मुलांनी हा एक आठवडा नळ सांभाळला तर आईची जांघ वाचेल.

दुसरी गोष्ट संडासाची. ती सभ्य लेखात लिहीत नाहीत, पण आम्ही लिहिणार. चाळीचा संडास उकिडवे बसण्याचा. उकिडवे बसताना जांघ पूर्ण दुमडते आणि कुंथताना ताज्या भोकावर आतून दाब येतो. पहिले चार-पाच दिवस मधे भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची वापरावी. औषधांच्या मोठ्या दुकानांतून अशी खुर्ची भाड्यानेही मिळते. आम्ही वस्तीच्या मंडळातर्फे एक विकतच घेतली आणि ती आजवर सात घरांत फिरली आहे. पोट साफ राहावे म्हणून डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावा. खोकला किंवा शिंक आली तर पट्टीवर तळहात दाबून धरावा. जेवायला पाटावर न बसता खुर्चीवर बसावे, आणि जमिनीवर झोपण्याची सवय असेल तर उठताना आधी कुशीवर वळून, हाताच्या आधाराने उठावे.

चुकलेल्या ठोक्यांची वही

जांघ भरते आणि मग खरी परीक्षा सुरू होते. आमच्या बाबतीत नवव्या दिवशी, रात्री दिवा मालवल्यावर, एक ठोका चुकला. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग आतून कोणी दार ठोठावल्यासारखा एक जोरदार ठोका. पूर्वी आमचा प्रत्येक झटका अगदी असाच सुरू होत असे. आम्ही श्वास रोखून वाट पाहत पडलो. झटका आला नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा तसेच. पुन्हा वाट पाहिली, पुन्हा काही नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी जे समजावले ते आम्ही नंतर कितीतरी जणांना सांगितले आहे. ठोका चुकत नाही, तो वेळेआधी येतो. लवकर आल्यामुळे तो अशक्त असतो, नाडीला कळत नाही. त्याच्यानंतर थोडी विश्रांती पडते, त्या अवधीत हृदय जास्त रक्ताने भरते आणि पुढचा ठोका जोराने बसतो. असे आगाऊ ठोके निरोगी माणसालाही पडतात. ॲब्लेशननंतर काही आठवडे ते वाढल्यासारखे वाटतात, कारण जाळलेल्या जागेभोवतीचा भाग चिडलेला असतो. ती जखम पक्की व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. आणि मुख्य मुद्दा पुढेच आहे. पूर्वी हाच आगाऊ ठोका स्लो मार्गाला लागून गोल फिरत असे. आता ठोका येतो, पण तो मार्गच उखडलेला आहे. गाडी पुढे सरळ निघून जाते.

हे डोक्याला पटले तरी शरीराला पटायला वेळ लागतो. इतकी वर्षे ज्या खुणेनंतर संकट आले, ती खूण दिसली की हातपाय आपोआप थंड पडतात. आजार जाळून टाकता येतो, त्याची भीती नळीने जाळता येत नाही. आमच्या पत्नी एकदा म्हणाल्या, “अहो, ठोका चुकला की तुम्ही आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघता. मला न सांगताच कळतं.” तेव्हापासून आम्ही सांगू लागलो. “आत्ता एक चुकला,” एवढेच. त्या भाजी चिरता चिरता “बरं” म्हणत. या “बरं”चा आम्हाला गोळीइतका उपयोग झाला. घरच्यांनी धावपळ करू नये, आणि “काही नाही होत, मनाचे खेळ आहेत” असे तर मुळीच म्हणू नये.

आम्ही पडलो बी.कॉम. रोजकीर्द लिहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. शंभर पानी वहीत तारीख, वेळ, सकाळी उठल्यावरची नाडी आणि चुकलेले ठोके असे चार रकाने पाडले. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला पंचवीस-तीस नोंदी होत्या. सहाव्या आठवड्यात त्या चार-पाचांवर आल्या. तिसऱ्या महिन्यात सबंध आठवडा कोरा गेला, मग पुन्हा दोन दिवस दहा-दहा. शिल्लक एकदम शून्य होत नाही, पण खाते कोणत्या दिशेला चालले आहे ते दिसते. वहीमुळे आणखी काही गोष्टी कळल्या. उपाशीपोटी कडक चहा, अपुरी झोप आणि डाव्या कुशीवर झोपणे, या तीन वेळी आमचे ठोके जास्त जाणवत. दुसऱ्या कोणाच्या वहीत वेगळे निघेल. तपासणीच्या वेळी ही वही डॉक्टरांपुढे ठेवली आणि त्यांनी दोन मिनिटांत सारे पाहून घेतले. एरवी बाह्यरुग्ण विभागात तेवढीच मिनिटे वाट्याला येतात. मात्र दिवसातून दहा वेळा नाडी मोजत बसू नये. त्याने ठोके कमी होत नाहीत, फक्त जास्त ऐकू येतात.

आमची सकाळची नाडी पूर्वी ७२ असे, ती काही आठवडे ८५ ते ९० राहिली. हृदयाला लगाम घालणारे काही सूक्ष्म मज्जातंतू जाळलेल्या जागेच्या आसपास असतात, त्यांना धक्का बसल्याने असे होऊ शकते आणि बहुतेकांत ते हळूहळू निवळते, असे आम्हाला सांगण्यात आले. थकव्याचेही तसेच. त्या वर्षी १४ एप्रिलच्या मिरवणुकीला आमचे सहा आठवडे पूर्ण झाले होते. चालायला मनाई नव्हती, पण चार तासांचे चालणे अंगाला झेपणारे नव्हते. मग चौकात खुर्ची टाकून पाणीवाटपाचा हिशेब सांभाळला. नाचणाऱ्यांत नव्हतो एवढेच.

ज्यांची नाडी बेताल असते त्यांचे

ॲब्लेशन झालेले सगळे रुग्ण एकाच मापाने मोजतात, ही दुसरी चूक आमच्या पाहण्यात वारंवार येते. “अमका तर चौथ्या दिवशी कामावर गेला, मग तुम्हालाच काय झाले?” असा तो सूर असतो. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या आजारात वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडीला ताल राहत नाही. यातल्या बऱ्याच ठिणग्या फुफ्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उठतात, हे फ्रान्समधील बोर्दो येथील हेसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. तेव्हापासून त्या शिरांच्या तोंडाभोवती कडे जाळून त्या वेगळ्या करतात. हे काम आमच्या उपचारापेक्षा कितीतरी मोठे. हृदयाचा आतला पडदा भोसकून पलीकडे जावे लागते. म्हणून बरे होण्यालाही जास्त दिवस लागतात. काही दिवस खोल श्वास घेताना छातीत दुखते, नाडी कित्येक महिने दहा-पंधरा ठोक्यांनी वाढलेली राहू शकते, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत नाडी पुन्हा बेताल झाली तरी उपचार वाया गेला असे डॉक्टर लगेच धरत नाहीत. काहींना दुसऱ्यांदा ॲब्लेशन करावे लागते.

आमचे एक निवृत्त सहकारी या उपचारानंतर फार लवकर बरे वाटल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी सोडायला निघाले होते. या गोळीचा संबंध बरे वाटण्याशी नाही. जाळलेल्या जागेवर रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो, म्हणून ती किमान दोन महिने घ्यावीच लागते. पुढे किती घ्यायची ते वय, रक्तदाब, मधुमेह पाहून डॉक्टर ठरवतात. ही गोळी चालू असताना अंगदुखीसाठी दुकानातून ब्रूफेनसारखी गोळी आणून खाऊ नये, रक्तस्राव वाढतो. आपल्या वस्त्यांत लहानपणीच्या सांधेज्वराने हृदयाच्या झडपा खराब झालेले लोक पुष्कळ आहेत. त्यांना बहुधा वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम देतात. त्यांनी आय.एन.आर.ची तपासणी चुकवू नये. मेथी, पालक बंद करण्याची गरज नाही, पण आठवडाभर काही नाही आणि रविवारी दोन जुड्या, असे करू नये. रोजचे प्रमाण सारखे ठेवावे.

ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या हृदयावर १ ऑक्टोबर २००४ रोजी, शुक्रवारी, ॲब्लेशन झाले आणि पुढच्याच आठवड्यात ते सुदान-इथिओपियाच्या दौऱ्यावर गेले. हे उदाहरण आम्हाला आमच्या कचेरीतल्या एका वरिष्ठांनी ऐकवले होते. आम्ही एवढेच म्हणालो, साहेब, त्यांना विमानाच्या दारापर्यंत लोंबकळत जावे लागले नसेल.

कशासाठी थांबायचे नाही

वर जे सोसायला सांगितले ते वेगळे आणि आता सांगतो ते वेगळे. हा भाग कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलात तरी चालेल.

जांघेतून रक्त येऊ लागले तर लगेच उताणे झोपवून त्या जागेवर स्वच्छ फडके ठेवून दुसऱ्याने तळहाताने दहा मिनिटे घट्ट दाबावे, मधे उचलून पाहू नये. थांबले नाही किंवा धार लागली तर १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत हात काढू नये. जांघेतली गाठ बघता बघता वाढत असेल, धडधडत असेल, पाय थंड किंवा निळा पडला असेल, पोटरी सुजून दुखत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चक्कर येऊन पडणे, नाडी फार मंद होणे, छातीत सतत दाब येणे, आडवे झाल्यावर दम लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एक हात उचलता न येणे, यांत सकाळची वाट पाहायची नसते.

एट्रियल फिब्रिलेशनचे ॲब्लेशन झालेल्यांसाठी आणखी एक धोका आहे. तो फार दुर्मीळ, पण जीवघेणा. हृदयाच्या मागे अगदी चिकटून अन्ननलिका असते, तिला उष्णता लागून पुढे छिद्र पडू शकते. याची लक्षणे लगेच दिसत नाहीत, साधारण एक ते चार आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांपर्यंत उशिरा दिसतात. ताप, थंडी, गिळताना दुखणे, छातीत दुखणे, झटका किंवा पक्षाघातासारखे काही झाले तर गल्लीतल्या दवाखान्यात तापाची गोळी घेऊन झोपू नये. जेथे ॲब्लेशन झाले तेथेच जावे आणि “हृदयाचे ॲब्लेशन झाले आहे” हे वाक्य पहिल्यांदा बोलावे. घशातून दुर्बीण घालण्याची तपासणी अशा वेळी घातक ठरू शकते. आधी सी.टी. स्कॅन करतात.

जुनी धडधड खरोखरच परत आली, म्हणजे एकाएकी सुरू होऊन थांबेना, तर काय करायचे? जांघ पूर्ण भरल्यानंतर आणि डॉक्टरांनी आधी शिकवले असेल तरच एक उपाय घरी करता येतो. अर्धवट बसून १० मि.लि.च्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडातून पंधरा सेकंद जोराने फुंकायचे, लगेच उताणे व्हायचे आणि दुसऱ्याने दोन्ही पाय पंधरा सेकंद वर उचलून धरायचे. इंग्लंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रीतीने १०० पैकी ४३ जणांची नाडी ताळ्यावर आली, नुसते बसून फुंकणाऱ्यांत १७ जणांची. थांबली तरी, न थांबली तरी, ई.सी.जी. काढायला जायचेच.

खाडे कोण भरणार?

शस्त्रक्रियेच्या खर्चाची सोय आता काही प्रमाणात झाली आहे. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली राज्याची जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधीच त्याला गाठावे, आपला उपचार यादीत आहे का आणि ते रुग्णालय तो करते का, हे विचारून घ्यावे. परंतु योजना जाळण्याचे पैसे देते, घरी बसण्याचे देत नाही. कारखान्यात ई.एस.आय. कापली जात असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. ज्यांची कापली जाते त्यांनाही हे पुष्कळदा ठाऊक नसते. आमच्यासारख्याला वैद्यकीय रजा आहे. नाक्यावरच्या कामगाराला आणि घरकामाच्या बाईला काय आहे?

म्हणून घरी सोडताना कार्डावर नुसते “विश्रांती” असे लिहून घेऊ नका. किती दिवस, किती वजन उचलायचे नाही, उकिडवे बसायचे की नाही, हे आकड्यांत लिहून मागा. डॉक्टर लिहून देतात, मागावे मात्र लागते. “विश्रांती” या शब्दाला कोणताही मालक जुमानत नाही.

अकरा वर्षांनी जिच्या आजाराला नाव मिळाले, त्या भगिनीचे ॲब्लेशन झाले तेव्हा चौथ्या दिवशी एका घरून निरोप आला, पाहुणे येणार आहेत, लादीला ये. जांघेवर पट्टी होती. चार घरचे मिळून महिन्याला ९ हजार येत, दहा दिवस बुडाले तर ३ हजार गेले. पण तिला खरी भीती ३ हजारांची नव्हती. दहा दिवसांत तिच्या जागी दुसरी बाई उभी राहिली असती. आम्ही महिला मंडळात विषय मांडला. पुष्कळ बोलणे झाले, एक-दोघींनी “तिला काही झालेलं दिसत तर नाही” असेही म्हटले. तेव्हा एका ज्येष्ठ मावशीने सांगितले, गावाकडे आपण शेतात सावड घालायचो, तशी घालू. चौघींनी एकेक घर पंधरा दिवसांसाठी वाटून घेतले. पगार तिचाच, पुढे कोणाची पाळी आली की तिने जायचे. मालकिणींना आम्ही कार्डाची झेरॉक्स नेऊन दाखवली.

सोळाव्या दिवशी ती कामावर गेली. ठोके तिचेही चुकत होते, अजूनही महिन्यातून एखाद्या वेळी चुकतात. ती थांबते, पदराने तोंड पुसते आणि पुन्हा भांड्याला हात घालते. महिनाभर तरी उकिडवे बसून लादी पुसणार नाही, लांब दांड्याचा मॉप द्या, असे तिने चारही घरी सांगितले. तीन घरांनी मॉप आणला. चौथ्या घरी कोपरे नीट निघत नाहीत म्हणून हातानेच पुसायला हवे होते. ते काम तिने सोडले. दोन महिन्यांनी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पोळ्यांचे काम मिळाले. ओट्याशी उभे राहून करायचे.